खांद्याच्या सांध्याचे विकार : ओळख, उपचार आणि सार्वजनिक आरोग्य

आरोग्यविषयक आकडेवारीत मृत्यूचे आकडे प्रथम लक्ष वेधून घेतात. ज्या आजारांनी मृत्यू ओढवत नाही, परंतु माणसाचे काम थांबते, ते आजार या आकडेवारीत मागे पडतात. हाडे, सांधे व स्नायू यांचे विकार या दुसऱ्या वर्गात मोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १७१ कोटी लोकांना या गटातील कोणता ना कोणता विकार आहे. या प्रश्नाकडे शासनांचे लक्ष वेधण्यासाठी २००० ते २०१० हे दशक 'अस्थी व सांधे दशक' म्हणून पाळण्यात आले होते. रोगाचा भार मोजण्याची रीतही आता बदलली आहे. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारपणात वा अपंगत्वात काढलेली वर्षे यांची बेरीज करून 'अपंगत्व-समायोजित आयुर्वर्षे' हे परिमाण वापरले जाते. सांध्यांच्या विकारांचे खरे ओझे या बेरजेतील दुसऱ्या पदात दिसते.

खांद्याचा सांधा हे या विषयाचे चांगले उदाहरण आहे. केस विंचरणे, सदरा घालणे, फळीवरचा डबा काढणे यांपासून पोते उचलणे, भिंतीला गिलावा करणे, माग चालवणे यांपर्यंतची बहुतेक कामे खांद्यावाचून होत नाहीत. खांदा दुखू लागला की घरोघरी आणि पुष्कळदा दवाखान्यातही 'फ्रोझन शोल्डर' हे एकच नाव उच्चारले जाते. वस्तुतः खांदेदुखी हे लक्षण आहे आणि त्यामागे परस्परांहून अगदी भिन्न असे अनेक विकार असू शकतात. त्यांचे उपचारही भिन्न असतात. एका विकारात सांधा नियमितपणे हलवावा लागतो, तर दुसऱ्यात काही काळ स्थिर ठेवावा लागतो. त्यामुळे योग्य निदान हाच येथे अर्धा उपचार ठरतो. हे निदान बहुतांशी हातांनी केलेल्या साध्या तपासणीतून होऊ शकते. मर्यादित साधनसामग्री असलेल्या देशाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

सांध्याची रचना

खांदा तीन हाडांनी बनतो : दंडाचे हाड म्हणजे भुजास्थी, पाठीवरील त्रिकोणी चपटे हाड म्हणजे स्कंधास्थी आणि गळ्याखालचे आडवे हाड म्हणजे जत्रू. भुजास्थीचे गोल डोके स्कंधास्थीच्या उथळ खोबणीत बसते आणि उखळीचा सांधा तयार होतो. कमरेचा सांधाही उखळीचाच आहे. तेथे मात्र खोबणी खोल असून तिने मांडीच्या हाडाचे डोके चांगलेच वेढलेले असते. खांद्याची खोबणी बशीसारखी उथळ असते. कोणत्याही क्षणी भुजास्थीच्या डोक्याचा सुमारे पाव ते एक तृतीयांश भागच तिला टेकलेला असतो. त्यामुळे हात जवळजवळ सर्व दिशांना फिरतो. मात्र या स्वातंत्र्याची किंमत स्थैर्याच्या रूपाने मोजावी लागते. शरीरातील सर्वांत चल सांधा आणि मोठ्या सांध्यांपैकी सर्वाधिक वेळा निखळणारा सांधा हा एकच असावा, यात योगायोग नाही.

हाडांच्या रचनेतील ही उणीव मऊ ऊती भरून काढतात. खोबणीच्या काठावर कूर्चेची गोल कडा असते, ती खोबणीला थोडी खोली देते. सांध्याभोवती संधिकोशाची पिशवी असते. तिच्यावर अस्थिबंध असतात. त्यांच्याही बाहेर चार स्नायूंच्या कंडरांचे वेष्टन असते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट, पांढऱ्या दोरीसारख्या भागास कंडरा म्हणतात. सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर व सबस्कॅप्युलॅरिस हे ते चार स्नायू असून त्यांच्या कंडरांच्या समूहास 'रोटेटर कफ' म्हणतात. हात कोणत्याही दिशेने हलवला तरी भुजास्थीचे डोके खोबणीच्या मध्यावर धरून ठेवणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. कफ आणि त्याच्यावरील हाडाचे छत यांच्यामध्ये घर्षण कमी करणारी द्रवाची पातळ पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात.

येथे परीक्षार्थींनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हात शरीराच्या बाजूने पूर्ण वर, म्हणजे १८० अंशांपर्यंत नेताना सारी हालचाल एकाच सांध्यात होत नाही. स्थूलमानाने १२० अंश मुख्य सांध्यात आणि ६० अंश स्कंधास्थी छातीच्या पिंजऱ्यावरून फिरल्यामुळे मिळतात. म्हणूनच मुख्य सांधा आखडलेला रुग्णही खांदा उचकटून हात थोडाफार वर नेतो आणि आपला हात हलतो आहे अशी त्याची समजूत होते.

तपासणीतील दोन प्रश्न

खांद्याच्या तपासणीत दोन प्रश्न मूलभूत आहेत. पहिला, रुग्णाला स्वतःहून हात किती हलवता येतो? दुसरा, रुग्णाने हात सैल सोडला आणि तपासणाऱ्याने तो धरून हलवला तर किती हलतो? पहिल्या हालचालीस सक्रिय आणि दुसरीस निष्क्रिय हालचाल म्हणतात. या दोहोंच्या तुलनेवरून निदानाची दिशा ठरते.

दोन्ही हालचाली सारख्याच मर्यादित असतील, तर अडथळा सांध्यातच आहे. अशा वेळी संधिकोश आक्रसला असावा किंवा सांधा झिजला असावा. सक्रिय हालचाल कमी, पण निष्क्रिय हालचाल जवळजवळ पूर्ण असेल, तर सांधा मोकळा असून त्याला हलवणारी यंत्रणा बिघडली आहे. म्हणजे कंडरा फाटली असावी किंवा चेतातंतूला इजा झाली असावी. दोन्ही हालचाली पूर्ण होतात, परंतु हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येते, असे असेल तर रोटेटर कफच्या कंडरेचा दाह संभवतो. आणि हालचाली पूर्ण व वेदनारहित असूनही खांदा दुखत असेल, तर दुखण्याचे मूळ खांद्याबाहेर शोधावे लागते. तीव्र वेदनेमुळे ही तुलना कधी कधी फसवी ठरते, तथापि पहिली चाळणी म्हणून ती उपयुक्त आहे. तिला यंत्र लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि प्रशिक्षित हात.

खांदा आखडणे

ज्याला खऱ्या अर्थाने फ्रोझन शोल्डर म्हणावे, त्या विकारात संधिकोशाला सूज येऊन तो जाड होतो व आक्रसतो. अमेरिकी शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ मध्ये हे नाव रूढ केले. आयुर्वेदात खांद्याचे बंध आखडून हाताची हालचाल खुंटणाऱ्या 'अवबाहुक' या वातव्याधीचे वर्णन आहे, ते या विकाराशी पुष्कळसे जुळते. हा विकार बहुधा ४० ते ६० वर्षे वयात होतो आणि स्त्रियांत काहीसा अधिक आढळतो. पुष्कळदा त्याला इजेचे निमित्तही लागत नाही.

विकाराच्या तीन अवस्था मानतात. पहिल्या अवस्थेत वेदना प्रमुख असते. रात्री त्या कुशीवर झोपणे अशक्य होते. दुसऱ्या अवस्थेत वेदना ओसरू लागते, पण हालचाल गोठते. तिसऱ्या अवस्थेत हालचाल हळूहळू परत येते. हा सारा प्रवास एक ते तीन वर्षांचा असू शकतो आणि काहींच्या बाबतीत थोडी मर्यादा कायम राहते. कोपर कमरेशी टेकवून व काटकोनात वाकवून पुढचा हात बाहेरच्या बाजूस फिरवणे ही हालचाल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कमी होते. क्ष-किरण छायाचित्र मात्र सामान्य दिसते. छायाचित्र सामान्य असूनही सक्रिय व निष्क्रिय या दोन्ही हालचाली मर्यादित असणे, हे या विकाराच्या निदानाचे मुख्य सूत्र होय.

मधुमेहाशी असलेला या विकाराचा संबंध भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण लोकसंख्येत याचे प्रमाण २ ते ५ टक्के सांगितले जाते, तर मधुमेहींमध्ये ते १० ते २० टक्क्यांपर्यंत जाते. त्यांच्यात विकार अधिक चिवट असतो आणि दोन्ही खांदे बाधित होण्याची शक्यताही अधिक असते. रक्तातील वाढलेल्या साखरेमुळे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंत अनावश्यक बंध निर्माण होऊन ऊतींची लवचिकता घटते, हे त्याचे एक कारण मानले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख व्यक्ती इतके आहे. यावरून प्रश्नाचा आवाका लक्षात यावा. निमित्तावाचून खांदा आखडलेल्या व्यक्तीची रक्तशर्करा तपासणे म्हणूनच इष्ट ठरते, कारण कधी कधी तोपर्यंत अज्ञात असलेल्या मधुमेहाची ती पहिली खूण असते. थायरॉइड ग्रंथीच्या विकारांतही खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते.

उपचारात वेदनाशामक औषधे, सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम यांना प्रथम स्थान आहे. पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवणे, भिंतीवर बोटे चढवत नेणे, काठीच्या साहाय्याने हात बाहेर फिरवणे असे व्यायाम घरी करता येतात. वेदनेच्या पहिल्या अवस्थेत मात्र ते जबरदस्तीने करू नयेत. मधुमेही रुग्णास स्टेरॉइड दिल्यावर काही दिवस साखर वाढू शकते, ही दक्षता घ्यावी लागते. दीर्घकाळ सुधारणा न झाल्यास भूल देऊन सांधा मोकळा करणे किंवा दुर्बिणीद्वारे संधिकोश सोडवणे हे पर्याय असतात. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दोन शस्त्रोपचारांची तुलना स्टेरॉइड इंजेक्शनसह दिलेल्या संरचित भौतिकोपचाराशी करण्यात आली. तिन्हींपैकी कोणतीही पद्धत वैद्यकीयदृष्ट्या स्पष्टपणे सरस ठरली नाही.

रोटेटर कफचे विकार

खांदेदुखीच्या कारणांमध्ये रोटेटर कफच्या विकारांचा वाटा सर्वांत मोठा आहे. हात वारंवार खांद्याच्या वर नेऊन केलेले काम, वाढते वय आणि कंडरेचा मर्यादित रक्तपुरवठा यांमुळे कंडरा हळूहळू झिजते. सुरुवातीस तिचा दाह होतो, पुढे ती अंशतः व कधी पूर्णपणे फाटते. वेदना दंडाच्या बाहेरील बाजूस जाणवते, त्यामुळे रुग्ण खांद्याऐवजी दंडावर बोट ठेवतो. रात्री वेदना वाढते. मोठी फाट असल्यास हात उचलण्याची शक्ती जाते.

येथे दोन प्रकारचे रुग्ण वेगळे ओळखले पाहिजेत. पहिल्या प्रकारात झीज अनेक वर्षांची असते. साठीनंतर अनेकांच्या कंडरांत फाट आढळते आणि त्यांपैकी पुष्कळांना कोणताही त्रास नसतो. त्यामुळे केवळ एमआरआय चित्रात फाट दिसली म्हणून शस्त्रक्रिया करणे योग्य नव्हे. चित्रावर उपचार न करता रुग्णावर करावेत, हे तत्त्व येथे लागू पडते. अशा बहुतेक रुग्णांना कामातील बदल, वेदनाशमन आणि खांद्याच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम यांनी आराम पडतो. कंडरेवरील हाडाचा भाग खरवडून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर केली जात असे. ब्रिटनमधील एका चाचणीत खऱ्या शस्त्रक्रियेची तुलना केवळ दुर्बीण घालून पाहणाऱ्या आभासी शस्त्रक्रियेशी केली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दोहोंमध्ये रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आढळला नाही. पुराव्यावर आधारित वैद्यकाचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसऱ्या प्रकारात पडझडीनंतर किंवा जड वजन एकाएकी उचलल्यावर पूर्वी ठीक असलेला हात अचानक उचलेनासा होतो. ही ताजी फाट असते. तिचे निदान काही आठवड्यांत होऊन आवश्यक तेथे कंडरा शिवली गेली पाहिजे. विलंब झाल्यास स्नायू आक्रसतो, त्यात चरबी भरते आणि पुढे शिवण धरत नाही. असा रुग्ण 'फ्रोझन शोल्डर आहे, व्यायाम करा' या सल्ल्यावर महिनोन्‌महिने थांबला, तर दुरुस्तीची संधी निघून जाते.

खांदा निखळणे

सुमारे ९५ टक्के वेळा भुजास्थीचे डोके पुढच्या बाजूस निखळते. हात बाजूला व बाहेर वळलेला असताना पडल्यास असे घडते. खांद्याची गोलाई नाहीशी होऊन तो चौकोनी दिसू लागतो. २३ मार्च २०२१ रोजी पुण्यातील एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षण करताना श्रेयस अय्यर यांच्या डाव्या खांद्याला झालेली इजा याच वर्गातील होती. त्यांच्यावर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. कबड्डी, कुस्ती व क्रिकेट खेळणाऱ्यांत, तसेच दुचाकीवरून पडणाऱ्यांत ही इजा नेहमी दिसते.

निखळलेला सांधा पूर्ववत बसवण्याची विद्या प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात खांदा निखळला असता काखेत मुसळ घालून ती वर उचलावी आणि सांधा जागी बसल्यावर स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा, असे सांगितले आहे. ग्रीक परंपरेत हिप्पोक्रेटिसच्या नावाने एक पद्धत प्रसिद्ध आहे. थायरॉइडवरील कार्यासाठी १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी १८७० मध्ये आणखी एक पद्धत मांडली. या पद्धती प्रशिक्षित व्यक्तीसाठी आहेत. निखळण्याबरोबर हाड मोडलेले असू शकते आणि सांध्याजवळून जाणाऱ्या ॲक्सिलरी चेतातंतूस किंवा रक्तवाहिनीस इजा झालेली असू शकते. दंडाच्या बाहेरील बाजूस बधिरता येणे ही चेतातंतूच्या इजेची खूण होय. मैदानावर किंवा घरी हात ओढून सांधा बसवण्याचा प्रयत्न करू नये. हात आहे त्या स्थितीत झोळीत आधार देऊन ठेवावा आणि रुग्णास काही तासांच्या आत रुग्णालयात न्यावे.

अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का बसल्यावर मात्र खांदा मागच्या बाजूस निखळू शकतो. समोरून घेतलेल्या एकाच क्ष-किरण छायाचित्रात ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. झटक्यानंतर हात बाहेर फिरत नसेल, तर दुसऱ्या कोनातून छायाचित्र घेणे आवश्यक असते.

वयानुसार या इजेचे परिणाम बदलतात. विशीच्या आतील रुग्णांमध्ये सांधा पुन्हा निखळण्याचे प्रमाण अनेक अभ्यासांत निम्म्याहून अधिक आढळले आहे, कारण पहिल्याच वेळी कूर्चेची कडा सुटलेली असते. चाळिशीनंतर पुन्हा निखळण्याचा धोका कमी होतो, पण त्याच इजेत रोटेटर कफ फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून सांधा बसवल्यानंतरही हात उचलता येत नसेल, तर पुढील तपासणी टाळू नये.

अन्य विकार

गुडघ्याच्या तुलनेत खांद्याची झीज, म्हणजे अस्थिसंधिवात, कमी आढळतो. जुनी इजा, वारंवार निखळणे किंवा मोठी जुनी कंडराफाट यांनंतर तो उद्भवतो. आमवातामध्ये दोन्ही खांदे व हातांचे लहान सांधे यांना सूज येते आणि सकाळी बराच वेळ ताठरता राहते. कंडरेत कॅल्शियमचे क्षार साचल्यास अकस्मात तीव्र वेदना होतात. आहारातील कॅल्शियमशी या साठ्याचा संबंध नसल्यामुळे दूध बंद करण्याचा सल्ला निराधार आहे.

भारतात क्षयरोगाचा विसर पडू देऊन चालत नाही. खांद्याचा क्षयरोग क्वचित आढळतो. त्याचा एक 'कोरडा' प्रकार सूज वा पू न दाखवता हाड पोखरतो आणि खांदा आखडल्याचा आभास निर्माण करतो. स्नायू झपाट्याने वाळणे, वजन घटणे, सायंकाळचा ताप आणि क्ष-किरणात हाडाची झीज या खुणा असल्यास क्षयरोगाची शंका घ्यावी. १८९३ मध्ये पॅरिस येथे ज्यूल पेआँ यांनी पहिला कृत्रिम खांदा बसवला, तो क्षयरोगाने सांधा नष्ट झालेल्या एका पाव भाजणाऱ्या कामगाराला. आज प्रभावी औषधांमुळे वेळीच ओळखलेल्या रोगात अशी पाळी सहसा येत नाही.

दुखणे एकीकडे, मूळ दुसरीकडे

काही वेळा खांदा निरोगी असतो आणि वेदना दुसरीकडून आलेली असते. मानेच्या मणक्यात चेतातंतू दाबला गेल्यास वेदना खांद्यावरून हातात उतरते व मान हलवल्यावर वाढते. पित्ताशयाच्या दाहात उजव्या खांद्याच्या टोकाशी वेदना जाणवू शकते. श्वासपटलाचा फ्रेनिक चेतातंतू मानेतील ज्या पातळीवरून निघतो, त्याच पातळीवरून खांद्यावरील त्वचेच्या संवेदना जातात, हे त्याचे कारण. फुप्फुसाच्या शिखरावरील कर्करोगही प्रथम खांदेदुखीच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. सर्वांत तातडीची बाब म्हणजे हृदयविकार. चालताना किंवा जिना चढताना डाव्या खांद्यात वा हातात वेदना येणे, सोबत घाम, धाप किंवा छातीवर दडपण असणे, ही लक्षणे दिसताच मलम चोळत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

श्रम, कायदा आणि खांदा

खांद्याचे विकार सर्वांना होतात, परंतु त्यांचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. पगारी रजा असलेल्या कर्मचाऱ्याला जो काळ विश्रांतीचा असतो, तो रोजंदारीवरील मजुराला बिनकमाईचा असतो. पंजाबच्या धान्य मंडयांतील पल्लेदार, केरळमधील हमाल, महाराष्ट्रातील माथाडी कामगार, रंगारी, गवंडी, विणकर अशा अनेकांचे काम हात वर उचलण्यावर चालते. ओझे डोक्यावर असताना भार मानेवर व कण्यावर येतो. ते डोक्यावर चढवताना व उतरवताना मात्र हात खांद्याच्या वर जातात आणि ताण कफच्या कंडरांवर पडतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये कमाल वजनाविषयी संकेत क्रमांक १२७ स्वीकारला. त्याला जोडलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने हाताने उचलावयाच्या वजनाची मर्यादा ५५ किलोग्रॅम सुचवली आहे. आपल्याकडे कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ मध्ये इजा होईल इतके जड ओझे कामगाराला उचलावयास लावू नये, अशी तरतूद होती. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी आणि केरळने १९७८ मध्ये ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी स्वतंत्र कायदे करून असंघटित श्रमिकांच्या नोंदणीला व कल्याणनिधीला आधार दिला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने कारखाना अधिनियमासह १३ कायद्यांची जागा घेतली असून विनामूल्य वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद केली आहे.

तथापि एक उणीव जुन्या व नव्या कायद्यांत समान आहे. अधिसूचित व्यावसायिक रोगांच्या अनुसूचीत सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजामुळे येणारा बहिरेपणा यांसारखे २९ रोग आहेत; ओझे वाहून किंवा तीच ती हालचाल करून होणारे सांध्यांचे व कंडरांचे विकार त्यांत नाहीत. ज्या विकाराची सूचना देण्याचे बंधन नाही, त्याची मोजणी होत नाही आणि ज्याची मोजणी होत नाही, त्याच्यासाठी तरतूद मागणेही कठीण जाते.

आरोग्यव्यवस्थेपुढील कार्य

वरील विवेचनातून आरोग्यव्यवस्थेसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्राथमिक स्तरावर निदान. आयुष्मान आरोग्य मंदिरांमध्ये ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह, उच्च रक्तदाब व सामान्य कर्करोगांसाठी चाळणी तपासणी केली जाते. मधुमेही व्यक्तीला 'दोन्ही हात डोक्यावर नेता येतात का, पाठीमागे नेता येतात का' एवढे विचारणे व पाहणे यास एक मिनिटही लागत नाही.

दुसरी, भौतिकोपचाराची उपलब्धता. खांद्याच्या बहुतेक विकारांत मुख्य उपचार व्यायामाचा आहे आणि तो बाह्यरुग्ण विभागात होतो. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळते, ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. त्यामुळे शस्त्रक्रियेचा खर्च भागू शकतो, पण ती टाळू शकणाऱ्या अनेक आठवड्यांच्या भौतिकोपचाराचा भार रुग्णावरच राहतो. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ अन्वये भौतिकोपचारतज्ज्ञांच्या शिक्षणास व नोंदणीस वैधानिक चौकट मिळाली आहे. तालुका स्तरापर्यंत त्यांची पदे निर्माण होऊन ती भरली गेली, तरच या चौकटीचा लाभ सामान्य रुग्णापर्यंत पोहोचेल.

तिसरी, प्रतिबंध. पोत्याचे वजन कमी करणे, मालाची थप्पी खांद्याच्या उंचीखाली ठेवणे, ओझे उचलण्यासाठी ढकलगाडी व उतरंड यांची सोय करणे, एकाच प्रकारच्या कामात मधूनमधून बदल करणे हे उपाय औषधांपेक्षा स्वस्त आहेत. अभ्यासिकेत तासन्‌तास पुढे झुकून बसणाऱ्या विद्यार्थ्यांनीही दर तासाला उठून मान व खांदे मोकळे करावेत.

समारोप

खांद्याच्या प्रत्येक विकाराचे स्वतःचे घड्याळ असते. निखळलेल्या सांध्याला काही तास, ताज्या कंडराफाटीला काही आठवडे आणि आखडलेल्या खांद्याला काही महिने, एवढी मुदत निसर्ग देतो. छातीतून आलेल्या वेदनेला तर मिनिटांचीच मुदत असते. ही घड्याळे वेगवेगळी आहेत हे ओळखण्याची क्षमता प्राथमिक आरोग्यसेवेत निर्माण झाली, तर अनेक श्रमिकांचे उपजीविकेचे साधन टिकून राहील. आरोग्याच्या विकासाचे मोजमाप वाढलेल्या आयुर्मानाने होते, तसेच त्या आयुष्यात माणसाचे हात किती वर्षे काम करू शकले यानेही व्हावयास हवे.

सरावासाठी प्रश्न

१. खांद्याचा व कमरेचा सांधा दोन्ही उखळीचे असूनही त्यांच्या स्थैर्यात फरक का आढळतो?

२. सक्रिय व निष्क्रिय हालचालींच्या तुलनेवरून आखडलेला खांदा आणि फाटलेली कंडरा यांतील भेद स्पष्ट करा.

३. मधुमेह व खांद्याचे विकार यांचा संबंध सांगून असंसर्गजन्य रोगांच्या चाळणी तपासणीत त्याचा उपयोग कसा करता येईल, ते लिहा.

४. 'अपंगत्व-समायोजित आयुर्वर्षे' ही संकल्पना स्पष्ट करून सांध्यांच्या विकारांच्या संदर्भात तिचे महत्त्व विशद करा.

५. ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या आरोग्यरक्षणासाठी उपलब्ध असलेल्या कायदेशीर तरतुदींचे चिकित्सक परीक्षण करा.